रोलां बार्थ : लेखकाचा मृत्यू आणि वाचकाचा अधिकार

फ्रेंच साहित्याचे अभ्यासक आणि समीक्षामीमांसक रोलां बार्थ यांचा जन्म १२ नोव्हेंबर १९१५ रोजी शेरबूर येथे झाला. ते वर्षाचेही नव्हते तोच नौदलात असलेले वडील उत्तर समुद्रातील चकमकीत मारले गेले. आईने पुस्तकबांधणीचे काम करून त्यांना वाढविले. १९३४ मध्ये क्षयाने गाठले. सॉर्बोन येथे अभिजात साहित्याचे शिक्षण झाले खरे. परंतु १९४२ ते १९४६ या काळातील बहुतेक दिवस आरोग्यधामांत गेले. अध्यापकपदाची प्रतिष्ठित स्पर्धापरीक्षा हुकली आणि डॉक्टरेटही पूर्ण झाली नाही.

विद्यापीठीय राजमार्ग असा बंद झाल्यावर त्यांनी बुखारेस्ट व अलेक्झांड्रिया येथे अध्यापन केले. अलेक्झांड्रियात ग्रेमास यांच्या सहवासात आधुनिक भाषाविज्ञानाचा परिचय घडला. १९५३ मध्ये लेखनाच्या शून्यावस्थेची संकल्पना मांडणारे पहिले पुस्तक आले. १९५७ च्या ‘मिथॉलॉजी’मध्ये त्यांनी कुस्ती, मद्य, धुण्याची पावडर अशा नित्याच्या गोष्टींतील दडलेली विचारसरणी उलगडून दाखविली.

१९६३ मध्ये रासीनच्या नाटकांवरील त्यांचे विवेचन प्रसिद्ध होताच वाद पेटला. सॉर्बोनचे प्राध्यापक रेमों पिकार यांनी १९६५ मध्ये या नव्या समीक्षेला भोंदूगिरी ठरविले. बार्थ यांनी पुढच्याच वर्षी उत्तर दिले. प्रश्न एकट्या रासीनचा नव्हता. अभिजात कृतीचा अर्थ सांगण्याचा अधिकार कोणाचा, हा होता. लेखकाच्या मृत्यूविषयीचा त्यांचा निबंध प्रथम १९६७ मध्ये इंग्रजीत प्रकाशित झाला. त्यात अर्थाचे स्वामित्व लेखकाकडून वाचकाकडे आले. १९७० च्या ‘एस/झेड’मध्ये त्यांनी बाल्झाकच्या एका कथेचे ५६१ वाचनघटक पाडून पाच संकेतव्यूहांच्या आधारे या भूमिकेचा पडताळा घेतला.

मराठी अभ्यासकाला हा प्रश्न परका नाही. सोलापूर जिल्ह्यातील पंढरपुरात ‘नामा’ या मुद्रेचे अभंग गायिले जातात. त्यांतील नामदेवांचे कोणते आणि विष्णुदास नामा यांचे कोणते, हा संशोधकांपुढील जुना पेच आहे. गाणारा वारकरी मात्र त्या निर्णयासाठी थांबत नाही. बार्थ यांचा सिद्धान्त वारकऱ्याच्या या अनुभवाला बळ देतो. पण कर्तृत्वनिश्चितीची संशोधकाची जबाबदारी त्यामुळे संपत नाही.

डॉक्टरेट नसलेल्या बार्थ यांची १९७६ मध्ये कोलेज द फ्रांसमध्ये साहित्यिक चिन्हमीमांसेच्या अध्यासनावर निवड झाली. ऑक्टोबर १९७७ मध्ये आई निवर्तली. छायाचित्रणावरील अखेरच्या ग्रंथात त्यांनी तिच्या बालपणीच्या एका छायाचित्राचे चिंतन केले, पण ते छायाचित्र छापले नाही. इतर वाचकांना ते एक सामान्य चित्रच वाटले असते. वाचकाला सर्वाधिकार देणाऱ्या या समीक्षकाने आपल्या शोकाचा अर्थ तेवढा स्वतःकडे राखला. २५ फेब्रुवारी १९८० रोजी पॅरिसमध्ये रस्ता ओलांडताना त्यांना वाहनाची धडक बसली आणि २६ मार्च रोजी त्यांचे निधन झाले.