जेजुरीच्या मुरळीचा कैवारी : शिवराम जानबा कांबळे

बाबासाहेबांच्या आधी कोण, असे विचारले की आपली तरुण मुले जोतिबा फुल्यांचे नाव घेतात, शाहू महाराजांचे घेतात, फार तर गोपाळबाबा वलंगकरांपर्यंत जातात. शिवराम जानबा कांबळे यांचे नाव निघते ते १ जानेवारीला. १९२७ साली भीमा कोरेगावच्या विजयस्तंभापाशी बाबासाहेब आले, त्या मानवंदनेच्या सभेमागे कांबळे होते. १९२९ च्या पर्वती सत्याग्रहातही ते पुढे होते. परंतु वकिली करणाऱ्या आम्हाला कांबळे आठवतात ते मुरळ्यांच्या प्रश्नामुळे.

१८७५ साली पुण्यात जन्मलेले कांबळे मेसॉनिक हॉलमध्ये बटलर होते. साहेबांची ताटे मांडणारा हा माणूस इंग्रज सरकारला अर्ज मात्र बरोबरीच्या नात्याने लिही. सासवडला ५१ गावांतील महारांची सभा त्यांनी भरवली. लष्कर व पोलीस खात्याची बंद झालेली दारे उघडा, ही मागणी १९१० साली त्यांनी थेट भारतमंत्र्यांपर्यंत नेली. १ जुलै १९०८ रोजी त्यांनी ‘सोमवंशीय मित्र’ हे मासिक काढले. ते दोनएक वर्षेच चालले. पण तेवढ्या काळात एक महत्त्वाचे काम झाले.

नवस बोलायचा, पोर वाचली किंवा पीक आले की मुलगी खंडोबाला वाहायची, ही जेजुरीची रीत. भंडारा उधळायचा, गळ्यात कवड्यांचा गाठा घालायचा, लग्न देवाशी लावायचे. देव काही नांदवत नाही. वयात आली की ती गावातल्या नाहीतर शहरातल्या पैसेवाल्यांच्या हाती पडायची. तिच्या कमाईवर घर चालायचे. आणि ती मुलगी बहुतेक वेळा आपल्याच वस्तीतली असायची. ज्याला आजचा कायदा माणसांचा अपव्यापार म्हणतो तो हाच. फक्त दलालाच्या हातात भंडाऱ्याची पिशवी होती.

कायदा नव्हता असे नाही. १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम ३७२ आणि ३७३ होती. अल्पवयीन मुलीला वेश्याव्यवसायासाठी विकणे, भाड्याने देणे वा दुसऱ्याच्या हवाली करणे हा गुन्हा होता. वयाची मर्यादा तेव्हा सोळा; ती अठरा झाली १९२४ साली. कधीमधी खटले होत. पण १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्यापासून धर्मात हात घालायचा नाही, हे सरकारचे धोरण. यातली गंमत पाहा, १८६४ च्या छावणी कायद्याने गोऱ्या शिपायांसाठी बायकांच्या नोंदवह्या ठेवताना याच सरकारला कसला संकोच वाटला नव्हता.

कांबळे सरकारच्या भरवशावर बसले नाहीत. त्यांनी मासिकातून आधी आपल्याच जातबांधवांना धारेवर धरले. पोर वाहणाऱ्या आईबापांना लाज आणली. मग ते थेट मुरळ्यांशी बोलले. हे त्या काळी कोणी करत नव्हते. सुधारक मुरळीबद्दल बोलत, मुरळीशी नाही. त्याला उत्तर आले. शिवूबाई लक्ष्मण जाधव या मुरळीने मासिकाला पत्र लिहून आपल्या जगण्याची दैना मांडली आणि कोणी सन्मानाने घर देत असेल तर हे जिणे सोडायची तयारी दाखवली. कांबळे यांचे सहकारी गणपतराव हणमंतराव गायकवाड पुढे आले आणि त्यांनी शिवूबाईंशी लग्न केले. पुनर्वसन हा शब्द सरकारी कागदावर येण्याच्या कितीतरी आधी एका बटलरने आणि त्याच्या मित्राने ते करून दाखवले.

एका बाबतीत मात्र आमचे मत वेगळे आहे. लग्न हीच सुटका, असे मानले की जिला लग्न नको, जिचे वय गेले, जिच्या पदरी पोरे आहेत, तिचे काय? हा दोष आम्ही कांबळे यांना देणार नाही. १९०९ साली त्यांच्या हाती दुसरे काय होते? दोष सरकारचा, कारण त्याच्या हाती तिजोरी होती.

कायदे पुढे आले. १९३४ चा मुंबई देवदासी संरक्षण कायदा आला, त्याने देवाला वाहणे बेकायदा ठरवले आणि वाहिलेल्या स्त्रीचे लग्न वैध मानले. कांबळे यांना तो पाहायला मिळाला. १९४२ साली ते गेले. मग संविधानाचे कलम २३ आले. त्यात अपव्यापार आणि वेठबिगार यांना एकाच वाक्यात बंदी आहे. मुरळी आणि महारकी दोन्ही भोगलेल्या समाजाला ते का, हे सांगावे लागत नाही. १९५६ चा अनैतिक व्यापाराचा कायदा, १९९० चा विशाल जीत खटल्यातला सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय, महाराष्ट्राचा २००५ चा देवदासी प्रथा निर्मूलन कायदा, केंद्राची २००७ ची उज्ज्वला योजना, जी आता शक्ती सदनात विलीन झाली आहे. १ जुलै २०२४ पासून ३७२ आणि ३७३ ही कलमे भारतीय न्याय संहितेत ९८ आणि ९९ झाली, अपव्यापाराचे कलम १४३ झाले. कलमांचे आकडे बदलले, पण कागद ज्या टेबलावर अडतो ते टेबल तेच राहिले.

काही वर्षांपूर्वी एक म्हातारी निर्वाह अनुदानाचा अर्ज घेऊन आमच्याकडे आली. लहानपणी वाहिलेली, साठच्या दशकात. म्हणजे १९३४ चा कायदा होऊन तीस वर्षे झाल्यावर. कार्यालयात तिला विचारले होते, तू मुरळी असल्याचा पुरावा काय? गुन्हा ज्यांनी रोखायचा त्यांनी रोखला नाही, त्याची नोंद ठेवली नाही आणि दाखला मात्र जिच्यावर गुन्हा झाला तिने आणायचा. आम्ही शपथपत्र केले, गावातल्या दोन वृद्धांच्या सह्या घेतल्या. पुन्हा गेलो तर अर्जात पतीच्या नावाचा रकाना. तो कोरा ठेवायचा की त्यात खंडोबा लिहायचे, यावर कारकून आणि त्याच्या साहेबाची अर्धा तास चर्चा चालली. म्हातारी बाकावर बसून ऐकत होती. शेवटी आम्हीच पेन घेतले आणि त्या रकान्यावर रेघ मारली.