मुलांच्या न्यायालयात उभा राहिलेला डॉक्टर

मुलांवर प्रेम असल्याचे सांगणारे पुष्कळ भेटतात. परंतु मुलाने आपल्याविरुद्ध फिर्याद करावी, ती मुलांनीच चालवावी आणि त्यांचा निकाल आपण मान्य करावा, अशी व्यवस्था स्वतःच्या हाताने उभी करणारा माणूस विरळाच. पोलंडचे डॉ. यानुश कोर्चाक हे असे माणूस होते. जग त्यांना ओळखते ते त्यांच्या मरणामुळे. अनाथ मुलांचा हात न सोडता ते नाझींच्या मृत्युछावणीत गेले. त्या मरणापुढे कोणाचीही मान झुकेल. पण त्या मरणामागे तीस वर्षांचे काम आहे आणि ते समजून घेतल्याशिवाय कोर्चाक समजत नाहीत.

त्यांचे मूळ नाव हेन्रिक गोल्डश्मिट. जन्म वॉर्सातील ज्यू कुटुंबात. वडील वकील होते, तरी मुलाच्या जन्माची नोंद वेळेवर झाली नाही. त्यामुळे जन्मवर्ष १८७८ की १८७९ हा वाद आजही आहे. पाच वर्षांचे असताना त्यांचा पाळीव पक्षी मेला. त्याला पुरून त्यावर क्रूस ठेवावा असे त्यांना वाटले. तेव्हा इमारतीच्या रखवालदाराच्या मुलाने त्यांना सुनावले, की पक्षी ज्यू आहे, तूही ज्यू आहेस, क्रूस चालणार नाही. जन्मावरून माणूस वेगळा काढला जातो, हा धडा त्या बालकाला असा मिळाला. हा धडा कोणत्या वयात मिळतो, हे आपल्या वाचकाला सांगण्याची गरज नाही.

पुढे वडिलांना मानसिक आजार जडला आणि १८९६ साली ते वारले. घर दारिद्र्यात गेले. शाळकरी हेन्रिक शिकवण्या करून घर चालवू लागला. १८९८ साली एका लेखनस्पर्धेसाठी त्यांनी यानुश कोर्चाक हे नाव घेतले आणि तेच कायम झाले. १९०५ साली ते डॉक्टर झाले, मुलांच्या रुग्णालयात काम करू लागले. नाव झाले, श्रीमंत घरांची बोलावणी येऊ लागली. पण औषधाने बरे झालेले मूल पुन्हा त्याच उपासमारीत परत जाते, हे त्यांनी पाहिले. म्हणून १९१२ साली वॉर्सातील क्रोख्माल्ना रस्त्यावर ज्यू अनाथ मुलांसाठी उभारलेल्या गृहाची जबाबदारी त्यांनी घेतली. स्टेफानिया विल्चिन्स्का या त्यांच्या सहकारी. घराचा रोजचा गाडा त्यांनीच ओढला, हे विसरता कामा नये. १९१९ साली मारिना फाल्स्का यांच्यासोबत पोलिश मुलांसाठीही एक गृह उभे राहिले.

या गृहांत मुलांची संसद होती, मुलांचे वृत्तपत्र होते आणि मुलांचे न्यायालय होते. ज्याच्यावर त्या आठवड्यात खटला नाही, अशा मुलांतून चिठ्ठ्या टाकून पाच न्यायाधीश निवडले जात. मुलगा मुलावर फिर्याद करू शके, तसाच शिक्षकावरही. कोर्चाकांनी त्यासाठी संहिता लिहिली. तिची पहिली ९९ कलमे माफीची किंवा खटला काढून टाकण्याची होती. संस्थेतून काढून टाकण्याचे कलम सर्वांत शेवटचे, १००० वे. कायदा शिकलेल्या माणसाने यावर थोडे थांबून विचार करावा. आपल्या दंडसंहिता शिक्षेपासून सुरू होतात. ही क्षमेपासून सुरू झाली.

या न्यायालयापुढे सहा महिन्यांत पाच वेळा खुद्द कोर्चाक उभे राहिले. एका मुलाच्या कानशिलात मारली म्हणून, एका मुलीवर चोरीचा आळ घेतला म्हणून, एका न्यायाधीशाचा अपमान केला म्हणूनही! संस्थेचा प्रमुख कायद्याच्या वर नाही, हे मुलांनी पुस्तकात वाचले नाही, डोळ्यांनी पाहिले.

१९२३ साली त्यांनी राजा झालेल्या एका मुलाची कादंबरी लिहिली. १९२६ साली एका दैनिकासोबत मुलांनीच लिहिलेली साप्ताहिक पुरवणी सुरू केली. १९२९ साली मुलाच्या सन्मानाच्या हक्कावर पुस्तिका काढली. १९३४ पासून रेडिओवर म्हातारा डॉक्टर या नावाने त्यांचा आवाज घराघरांत गेला. ज्यूद्वेष वाढला आणि १९३६ साली तो कार्यक्रम बंद पडला.

१९४० साली नाझींनी अनाथगृह वॉर्साच्या घेट्टोत ढकलले. जप्त झालेले बटाटे परत मागायला गेलेल्या कोर्चाकांना तुरुंगात टाकले. सुटल्यावर हा आजारी, म्हातारा डॉक्टर सुमारे दोनशे मुलांच्या अन्नासाठी दारोदार फिरत राहिला. १८ जुलै १९४२ रोजी मुलांनी रवींद्रनाथ टागोरांचे 'डाकघर' हे नाटक केले. खोलीत कोंडलेल्या आजारी अमलची ती गोष्ट. चार दिवसांनी घेट्टोतून माणसे गाड्यांत भरून नेण्यास सुरुवात झाली. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात अनाथगृहाची पाळी आली. सुटकेचे मार्ग मित्रांनी अनेकदा पुढे केले होते. कोर्चाकांनी ते नाकारले. मुले, विल्चिन्स्का आणि इतर सहकाऱ्यांसह ते त्रेब्लिंकाला गेले. तेथून कोणी परतले नाही.

१९७८ साली बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराचा प्रस्ताव पोलंडनेच मांडला. १९८९ साली संयुक्त राष्ट्रांनी तो करार स्वीकारला. १९९२ साली भारतही त्यात सामील झाला. आपल्या बालन्याय कायद्याच्या २०१६ च्या आदर्श नियमांत बालगृहांमध्ये मुलांच्या समित्या नेमण्याची तरतूद आहे. कायदा आला, कागद आला. पण वसतिगृहातल्या, आश्रमशाळेतल्या, बालगृहातल्या मुलाला अधीक्षकाविरुद्ध बोलायचे असेल तर ते कोणापुढे बोलणार? आणि बोलल्यावर त्याच रात्री त्याच छपराखाली ते निर्धास्त झोपू शकेल काय?

अनाथांना दोन घास घालणारे दानशूर तेव्हाही होते, आजही आहेत. दया करणाऱ्याला जाब विचारता येत नाही. कोर्चाकांनी मुलांना जाब विचारण्याचा हक्क दिला आणि पहिला जाब स्वतः दिला. मुलांच्या संस्था चालवणाऱ्या प्रत्येकाने, आपल्या चळवळीतल्यांनीही, स्वतःला या कसोटीवर घासून पाहावे.