भडक्याचं गणित मांडणारी हर्था एअर्टन

वायरमन विजेनं गेला म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर शॉकच येतो. तारेला हात लागला, चिकटला, संपला. पण लाईनवर काम करणाऱ्यांच्या जिवावर उठणारी दुसरी एक गोष्ट आहे आणि तिच्यासाठी तारेला हात लागावाच लागत नाही. दोन तारांमध्ये, किंवा तार आणि खांबाच्या लोखंडामध्ये, हवेतूनच वीज वाहायला लागते. आर्क पेटतो. आपले वायरमन त्याला फ्लॅश म्हणतात, भडका म्हणतात. त्याचं तापमान सूर्याच्या पृष्ठभागाच्या तिपटीवर जाऊ शकतं. पापणी लवते न लवते तोवर जवळच्या माणसाचे कपडे पेटतात, आणि कापड टेरिकॉट असेल तर ते वितळून कातडीलाच चिकटतं.

माझे मामा सांगली जिल्ह्यात वायरमन होते. त्यांच्याबरोबरचा एक तरुण हेल्पर डीपीवर फ्यूज टाकताना भाजला आणि नवव्या दिवशी गेला. त्याचा हात तारेला लागलाच नव्हता, हे मामा येईल-जाईल त्याला सांगायचे. ऐकणारे मान हलवायचे आणि शॉक लागून गेला असंच पुढे सांगायचे.

मी कॉम्प्युटर इंजिनिअर. इथे इंग्लंडमध्ये वीज वितरणाचं सॉफ्टवेअर लिहिते. कुठल्या फीडरवर बिघाड आहे, कुठला ब्रेकर उघडला, कुठली टोळी कुठल्या खांबावर आहे, असलं सगळं. त्या कामात आर्कच्या उष्णतेचा हिशोब समजून घ्यावा लागला आणि हा हिशोब मुळात आला कुठून म्हणून मागे मागे गेले. शेवटी पोचले १९०२ सालच्या एका जाडजूड पुस्तकापाशी. ‘द इलेक्ट्रिक आर्क’, लेखिका हर्था एअर्टन. चार वर्षं डिग्रीला घालवली, पण हे नाव एकदाही कानावर पडलं नव्हतं. म्हणून आज तिच्याविषयी.

तिचं मूळ नाव फीबी सारा मार्क्स. जन्म २८ एप्रिल १८५४, पोर्ट्समथजवळच्या पोर्ट्सीचा. वडील पोलंडमधून आलेले ज्यू घड्याळजी. ते १८६१ मध्ये वारले तेव्हा मागे कर्ज होतं, सात मुलं होती आणि आठवं वाटेवर होतं. आई शिवणकाम करून घर चालवायची. मुलगी नऊ वर्षांची झाल्यावर लंडनमध्ये शाळा चालवणाऱ्या मावशीनं तिला शिकायला मागून घेतलं. घरातल्या मोठ्या मुलीला मदतीला ठेवून घ्यायचं सोडून आईनं तिला पाठवलं, हे मला विशेष वाटतं. सोळाव्या वर्षी ती लोकांच्या घरी मुलांना शिकवून स्वतः कमवायला लागली आणि घरी पैसे पाठवायला लागली. हर्था हे नाव एका मैत्रिणीनं दिलं, कवितेतल्या भूदेवीवरून, आणि तेच कायमचं चिकटलं.

केंब्रिजचं गर्टन कॉलेज तेव्हा नवं होतं. त्याच्या संस्थापकांपैकी बार्बरा बोडिकॉन या बाईंनी हर्थाला जवळजवळ मुलगीच मानलं. कादंबरीकार जॉर्ज एलियटनंही तिच्यासाठी शब्द टाकला. १८७६ मध्ये ती गर्टनला गेली. तिथे तिनं नाडीचे ठोके नोंदवणारं यंत्र बनवलं, गाण्याचं मंडळ चालवलं आणि मुलींचं अग्निशमन दल उभं केलं. पुढे आयुष्यभर जाळाशीच गाठ पडणार होती, त्याची ही नांदीच म्हणायची. १८८० मध्ये गणिताची ट्रायपॉस परीक्षा तिसऱ्या वर्गात पास झाली. पण केंब्रिज बायकांना पदवी देत नव्हतं, नुसतं प्रमाणपत्र. मग लंडन विद्यापीठाची परीक्षा बाहेरून देऊन १८८१ मध्ये तिनं बी.एस्सी. मिळवली. १८८४ मध्ये रेघेचे हवे तितके समान भाग पाडणाऱ्या उपकरणाचं पेटंट घेतलं.

त्याच वर्षी ती फिन्सबरी टेक्निकल कॉलेजात विजेच्या संध्याकाळच्या वर्गाला जायला लागली. शिकवणारे प्राध्यापक विल्यम एअर्टन. १८८५ मध्ये दोघांचं लग्न झालं. या एअर्टनसाहेबांचा आपल्याकडे संबंध आहे. १८६८ मध्ये ते भारतात सरकारी तार खात्यात नोकरीला गेले होते. मैलोन्‌मैल पसरलेल्या तारेत बिघाड नेमका कुठे आहे, हे मोजमापावरून शोधायची पद्धत बसवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. दीडशे वर्षांनी माझं सॉफ्टवेअरही दुसरं काय करतं?

लग्नानंतर मुलगी झाली, सावत्र मुलगी होतीच, आणि काही वर्षं प्रयोग मागे पडले. १८९३ मध्ये नवरा शिकागोला परिषदेला गेला असताना तिनं त्याचे आर्कवरचे प्रयोग हातात घेतले. नंतर ते पूर्णपणे तिचेच झाले.

तेव्हाचे रस्त्यावरचे मोठे दिवे आर्कचेच असायचे. कार्बनच्या दोन कांड्या टोकाला टोक लावून दूर केल्या की मधे लखलखीत उजेड. (आपल्या टुरिंग टॉकीजमधले जुने प्रोजेक्टर ज्यांनी आतून पाहिलेत त्यांना हे सांगायला नको. वेल्डिंगच्या दुकानात आजही तोच जाळ असतो.) पण हे दिवे लुकलुकायचे आणि सापासारखे फुसफुसायचे. का, ते कुणाला नीट सांगता येत नव्हतं. हर्थानं महिनोन्‌महिने कांड्यांची जाडी, अंतर, करंट बदलून मोजमापं घेतली आणि कांड्यांच्या टोकांचे आकार टिपले. उत्तर असं निघालं. करंट वाढला की धन कांडीच्या टोकावरचा तापलेला खळगा मोठा होत होत टोकाच्या कडेबाहेर जातो. मग बाहेरची हवा थेट त्याला भिडते आणि हवेतला ऑक्सिजन त्या तप्त कार्बनला लागला की फुसफुस सुरू होते. त्याच क्षणी व्होल्टेज साधारण दहानं खाली पडतं.

फुसफुशीपेक्षा माझ्या कामाचं आहे ते तिचं समीकरण. आर्कचं अंतर आणि करंट दिला की व्होल्टेज किती, हे ते सांगतं. तिचे आकडे घालून पाहा. कांड्यांमध्ये २ मिलिमीटर अंतर असताना १० अँपिअरला साधारण ४६ व्होल्ट येतात. करंट दुप्पट, म्हणजे २० केला, तर व्होल्टेज वाढायला हवं की नाही? ते उतरतं, ४५च्याही खाली. साध्या तारेत करंट वाढवायचा तर व्होल्टेज वाढवावं लागतं, आर्कमध्ये उलटं. म्हणजे आर्क स्वतःला आवरत नाही. तो मागेल तितकं मागत राहतो आणि थांबवायचं काम बाहेरच्या कुणाला तरी करावं लागतं. दिव्याच्या बाबतीत ते काम मुद्दाम जोडलेला रोध करायचा. खांबावर ते काम फ्यूज किंवा ब्रेकर करतो.

आणि खरी मेख इथेच आहे. तारा एकमेकींना धातूनं धातूला चिकटल्या तर प्रचंड करंट जातो आणि फ्यूज लगेच उडतो. मधे आर्क असेल तर त्या हवेच्या अंतरामुळे करंट त्याहून कमी राहतो, आणि फ्यूज किंवा रिले त्याला ओळखायला जास्त वेळ घेऊ शकतो. माणसाच्या अंगावर येणारी उष्णता वेळेच्या प्रमाणात वाढते. दुप्पट वेळ, दुप्पट उष्णता. लाईनमन जगणार की जाणार ते बऱ्याचदा या सेकंदाच्या काही भागात ठरतं. हर्थाचं समीकरण कार्बनच्या कांड्यांचं आणि डीसीचं. आजचे हिशोब एसीचे, कितीतरी गुंतागुंतीचे आणि प्रत्यक्ष चाचण्यांवर बेतलेले. तरी डीसी आर्कच्या अभ्यासांत तिचं नाव आजही सुरुवातीलाच येतं. गंमत म्हणजे भाजण्याचा हा धोका वेगळा मोजायला हवा, हे इंजिनिअर मंडळींना कळायला पुढे ऐंशी वर्षं लागली. १९८२ मध्ये राल्फ ली या अमेरिकन इंजिनिअरनं आर्कपासून किती अंतरावर माणूस भाजेल याचं गणित मांडलं, तेव्हा कुठे शॉकशिवायचा हा दुसरा धोका चर्चेत आला.

इथे ब्रिटनमध्ये १९८९च्या नियमांनुसार चालू लाईनवर काम करायला आधी सबळ कारण दाखवावं लागतं. लाईन बंद ठेवून काम करणं हाच नियम आणि चालू ठेवणं हा अपवाद. बंद करायची, खरंच बंद आहे का ते टेस्ट करायचं, अर्थिंग लावायचं, मगच हात घालायचा. अंगात जाळ न धरणारे कपडे. आपल्याकडेही परमिट घ्या, अर्थिंग लावा, हेच शिकवतात. मामांनाही ते तोंडपाठ होतं. पण पावसात, रात्री अकरा वाजता, अख्खं गाव खांबाखाली उभं राहून लाईट कधी येणार विचारत असतं, आणि कुणाच्या तरी जनरेटरमधून उलटी वीज लाईनवर येते, तेव्हा पाठांतर किती टिकतं ते खांबावरच्या माणसालाच माहीत. आपले जनमित्र ज्या कपड्यांत खांबावर चढतात ते पाहिलं की मला अजूनही धस्स होतं.

पुन्हा हर्थाकडे येते. १८९९ मध्ये तिनं विद्युत अभियंत्यांच्या संस्थेत, म्हणजे इन्स्टिट्यूशन ऑफ इलेक्ट्रिकल इंजिनिअर्समध्ये, फुसफुसणाऱ्या आर्कवरचा निबंध स्वतः वाचला. तोवर तिथे कुठल्याच बाईनं निबंध वाचला नव्हता. लगेच तिला सभासदही करून घेतलं. दुसरी बाई पूर्ण सभासद व्हायला १९५८ साल उजाडलं! रॉयल सोसायटीचा प्रकार आणखी निराळा. १९०१ मध्ये तिचा निबंध तिथे जॉन पेरी या प्राध्यापकांनी वाचला, कारण बाईला वाचायची मुभा नव्हती. १९०२ मध्ये फेलोशिपसाठी तिचं नाव सुचवलं गेलं. वकिलांचा सल्ला घेतला गेला आणि उत्तर आलं की विवाहित स्त्रीला कायद्यानं स्वतंत्र अस्तित्वच नाही, मग फेलो कशी करणार. १९०४ मध्ये मात्र तिनं तिथे स्वतःचा निबंध वाचला, समुद्रकाठच्या वाळूवर उमटणाऱ्या लाटांच्या नक्षीवरचा. नवऱ्याच्या आजारपणात मार्गेटच्या किनाऱ्यावर राहावं लागलं होतं, तिथे हा नाद लागला. १९०६ मध्ये त्याच सोसायटीनं तिला ह्यूज पदक दिलं. पदक चालतं, फेलोशिप नाही. ते पदक दुसऱ्या बाईला मिळालं २००८ मध्ये.

लंडनला पॅडिंग्टन स्टेशनातून बाहेर पडून पाच मिनिटं चाललं की नॉरफोक स्क्वेअर लागतो. आता तिथे हॉटेलंच हॉटेलं आहेत. ४१ नंबरच्या घरावर तिच्या नावाची निळी पाटी आहे. या घरात तिची प्रयोगशाळा होती. नौदलाच्या सर्चलाइटसाठी कार्बनच्या कांड्या कशा असाव्यात यावरही तिनं काम केलं. बायकांच्या मताधिकारासाठी तुरुंगात उपोषण करून अर्धमेल्या झालेल्या बायकांची शुश्रूषा याच घरात झाली, त्यात एमेलिन पँकहर्स्टही होत्या. हर्थाची मुलगी बार्बरा १९१२ मध्ये तुरुंगात गेली आणि १९४५ मध्ये त्याच देशाच्या संसदेत निवडून गेली. १९११च्या जनगणनेचा फॉर्म हर्थानं भरून द्यायला साफ नकार दिला होता. मताचा हक्क नाही तर मोजणीही नाही, असा रोखठोक हिशोब. १९१२च्या उन्हाळ्यात बदनामीनं आणि आजारानं खचलेल्या मेरी क्युरीला तिनं गुपचूप इंग्लंडच्या किनाऱ्यावर आणून मुलींसकट आपल्याकडे ठेवून घेतलं.

पहिल्या महायुद्धात विषारी वायू आला तेव्हा वाळू-पाण्याच्या भोवऱ्यांचा तो अभ्यास कामाला आला. खंदकातून वायू बाहेर ढकलायला तिनं हातपंखा बनवला. कॅनव्हासचा, लांब दांड्याचा, जमिनीवर आपटायचा. लष्करी अधिकाऱ्यांनी आधी नाकं मुरडली. तरी एक लाखाहून जास्त पंखे आघाडीवर गेले. ते कितपत उपयोगी पडले यावर अजून वाद आहे, आणि खरं सांगायचं तर पंख्यापेक्षा तिचं आर्कचं कामच मला मोठं वाटतं.

२६ ऑगस्ट १९२३ रोजी ससेक्समधल्या नॉर्थ लॅन्सिंग इथे ती वारली, ६९व्या वर्षी. कारण अगदी क्षुल्लक होतं, कीटकाचा चावा. त्यातून रक्तात विष पसरलं. भडक्यात सापडलेला माणूस पहिले काही दिवस तगला तरी पुढे बऱ्याचदा याच कारणानं जातो. कातडीचं कवच गेलेलं असतं आणि जंतू रक्तात शिरतात. नॉरफोक स्क्वेअरपासून हाकेच्या अंतरावर सेंट मेरीज हॉस्पिटल आहे. तिथे अलेक्झांडर फ्लेमिंगला पेनिसिलीन सापडलं ते १९२८ मध्ये, ती गेल्यावर पाच वर्षांनी.