दिसत नाही, पण आहे! व्हायरसला नाव देणारा बायेरिंक

पानाचा फोटो काढला, ॲपवर टाकला, रोगाचं नाव आलं. सोपं वाटतं ना? पण संत्र्या-मोसंबीचं पान जस्त कमी पडलं तरी पिवळं होतं आणि काही रोगांमुळेही होतं. मग झाडात व्हायरस आहे की नाही, हे नक्की कसं ठरवायचं? या प्रश्नाची सुरुवात हॉलंडमध्ये झाली.

मार्टिनस बायेरिंक यांचा जन्म 1851 मध्ये ॲमस्टरडॅमला झाला. वडिलांचा तंबाखूचा धंदा बुडाला होता. मुलगा मात्र शिकला, डेल्फ्टला केमिकल इंजिनिअर झाला आणि पुढे लायडनला डॉक्टरेट मिळवली. वाखेनिंगेनच्या शेती शाळेत शिकवताना त्यांची गाठ पडली तंबाखूच्याच एका रोगाशी. पानांवर फिकट-गडद ठिपके पडायचे. बॅक्टेरिया शोधले, सापडले नाहीत.

नंतर यीस्ट आणि अल्कोहोलच्या कारखान्यात नोकरी केली. तिथे असतानाच, 1888 मध्ये, त्यांनी कडधान्यांच्या मुळांवरच्या गाठींमधले बॅक्टेरिया वेगळे केले. 1895 मध्ये डेल्फ्टला प्राध्यापक झाल्यावर तंबाखूचा जुना प्रश्न परत हातात घेतला.

प्रयोग साधा होता. रोगट पानांचा रस बॅक्टेरिया अडवणाऱ्या चिनीमातीच्या फिल्टरमधून गाळला आणि निरोगी रोपाला टोचला. रोप आजारी पडलं. आता हे फक्त विष असेल, तर एका रोपातून दुसऱ्यात नेताना पातळ होत संपायला हवं. पण ते संपेना! प्रत्येक नव्या रोपात ते वाढत होतं, आणि तेही फक्त जिवंत, वाढत्या भागात. 1898 मध्ये त्यांनी या अदृश्य गोष्टीसाठी 'व्हायरस' हा शब्द वापरला. रशियात इव्हानोव्स्कींनी 1892 मध्येच असा गाळीव रस तपासला होता. ते कळल्यावर बायेरिंक यांनी पहिला मान त्यांना दिला.

एक चूक मात्र झाली. व्हायरस म्हणजे द्रव, असं त्यांना वाटलं. तो कणांचा असतो हे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपने 1939 मध्ये दाखवलं. बायेरिंक 1931 मध्येच गेले होते.

पण त्यांची युक्ती जिवंत आहे: संशयित रोगट भाग निरोगी रोपात घाला आणि काय होतं ते बघा. लिंबूवर्गीय झाडांच्या ट्रिस्टेझा व्हायरससाठी संशयित झाडाचा डोळा कागदी लिंबाच्या रोपावर बांधतात. काही आठवड्यांनी नवं पान उजेडाकडे धरलं की शिरांचे तुकडे पारदर्शक दिसतात. म्हणजे टेस्ट पॉझिटिव्ह! आज एलायझा आणि आरटी-पीसीआरने उत्तर लवकर मिळतं.

हे का महत्त्वाचं? एका आजारी झाडाच्या डोळ्यांपासून शेकडो कलमं बनतात. ट्रिस्टेझा लागलेल्या झाडाला बरं करणारं औषध नाही. म्हणून कलम घेताना पानं हिरवीगार आहेत का एवढंच बघू नका. मातृवृक्षाची व्हायरस टेस्ट झाली आहे का, तेही विचारा.