जपानी भांड्यांचे पारखी एडवर्ड मोर्स

अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड सिल्व्हेस्टर मोर्स (१८३८–१९२५) हे १८७७ मध्ये जपानला गेले, ते सागरी जीवांच्या अभ्यासासाठी. त्याच वर्षी तोक्योजवळील ओमोरी येथील उत्खननात त्यांना प्रागैतिहासिक खापरे सापडली. पुढे निनागावा नोरिताने या जाणकारांकडून ते चहाचे वाडगे व चहापूड ठेवण्याच्या कुप्या पारखण्यास शिकले. शिंपल्यांप्रमाणेच भांड्यांचेही त्यांनी प्रांत, भट्टी आणि कुंभाराच्या शिक्क्यानुसार वर्गीकरण केले. जपानचा ठेवा परदेशी जात असल्याची खंत त्यांना होती. तरी त्यांचाच सुमारे ५,००० भांड्यांचा संग्रह १८९२ मध्ये बोस्टनच्या ललित कला संग्रहालयाकडे गेला. १९२३ च्या भूकंपात तोक्यो विद्यापीठाचे ग्रंथालय जळाल्यावर त्यांनी आपली ग्रंथसंपदा मृत्युपत्राद्वारे त्या विद्यापीठाला दिली.