धावणाऱ्यांचे मास्तर : बिल बोवरमन

कॉमर्सच्या विद्यार्थ्याने धावण्याच्या प्रशिक्षकावर लिहावे याचे काहींना नवल वाटेल. पण बिल बोवरमन यांच्याविषयी वाचताना मला पदोपदी हिशेबाची वहीच दिसली.

त्यांचा जन्म १९ फेब्रुवारी १९११ रोजी अमेरिकेतील पोर्टलंड शहरी झाला. आईवडील विभक्त झाल्यावर ते ओरेगॉन राज्यातच, फॉसिल नावाच्या खेड्यात आईजवळ वाढले. ओरेगॉन विद्यापीठात शिकले, शाळेत शिक्षक झाले, दुसऱ्या महायुद्धात इटलीतील डोंगरी आघाडीवर लढले आणि १९४८ साली त्याच विद्यापीठात प्रशिक्षक म्हणून परतले. पुढील सुमारे चोवीस वर्षांत त्यांच्या संघाने १९६२, १९६४, १९६५ आणि १९७० अशी चार राष्ट्रीय महाविद्यालयीन अजिंक्यपदे मिळविली. मात्र स्वतःला कोच म्हणवून घेणे त्यांना आवडत नसे. ते स्वतःला शिक्षकच समजत.

जो जास्त पळेल तो जिंकेल, असा त्या काळी समज होता. बोवरमन म्हणत, एक दिवस कसून पळा, दुसऱ्या दिवशी हलके पळा. शरीर विश्रांतीतच बळकट होते. केनी मूर नावाच्या त्यांच्या शिष्याला हे पटेना. विश्रांतीच्या दिवशीही तो मैलोगणती पळे. अखेर बोवरमननी त्याला संघातून काढण्याची तंबी दिली. बिचारा नाइलाजाने थांबला आणि थोड्याच दिवसांत दोन मैलांच्या शर्यतीत पूर्वी कधी धावला नव्हता इतक्या वेगाने धावला! पुढे १९७२ च्या ऑलिंपिक मॅरेथॉनमध्ये तो चौथा आला. परीक्षेच्या आदल्या रात्री जागरण करणाऱ्या आम्हा मंडळींच्या गळी हे उतरणे कठीणच.

आता हिशेब पाहा. सहा फुटांचे एक पाऊल धरले तर एका मैलात ८८० पावले पडतात. बुटाचे वजन एक औंसाने घटले, तर मैलभरात ५५ पौंडांचे ओझे कमी उचलावे लागते. एवढ्या गणितापायी हा गृहस्थ आपल्या मुलांचे बूट स्वतः शिवू लागला. १९६४ साली त्यांनी आपला जुना धावपटू फिल नाइट याच्याशी भागीदारी केली. नाइट हिशेबनिसाचे काम करीत असे, हे आम्ही कॉमर्सवाल्यांनी ध्यानात ठेवावे! दोघांनी पाचशे-पाचशे डॉलर घातले आणि जपानी बूट आणून विकू लागले. भांडवल सारखे असूनही ५१ टक्के हिस्सा नाइटकडे आणि ४९ टक्के आपल्याकडे, असे बोवरमननीच ठरविले. कारभार एकाच्याच हाती असावा हा त्यामागचा विचार. हीच पुढे नायके कंपनी झाली.

बुटाच्या तळव्याला पकड यावी म्हणून १९७१ च्या सुमारास त्यांनी पत्नीच्या वॉफल भाजण्याच्या साच्यात रबर ओतले. आपले आप्पेपात्र, म्हणजे कन्नड विभागातील मित्रांची पड्डूची कावली, डोळ्यांपुढे आणा. खळगे तेवढे चौकोनी. साचा अर्थातच वाया गेला.

१९६२ साली ते न्यूझीलंडला गेले होते. तेथे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड यांच्या मंडळींबरोबर पळताना सत्तरी ओलांडलेल्या एका हृदयरोगी गृहस्थाने पन्नाशीच्या बोवरमनना सहज मागे टाकले. मायदेशी परतल्यावर त्यांनी गावातील सामान्य माणसांना सावकाश पळायला शिकविले आणि १९६७ मध्ये एका हृदयरोगतज्ज्ञासह जॉगिंगवर पुस्तक लिहिले. ते प्रचंड खपले.

१९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये ते अमेरिकेच्या ॲथलेटिक्स संघाचे मुख्य प्रशिक्षक होते. अतिरेक्यांच्या तावडीतून निसटलेला एक इस्रायली खेळाडू पहाटे त्यांच्याच दारी आला आणि त्यांनी त्याला आत घेऊन मदत बोलाविली.

या साऱ्याचा खर्चही झाला, तो मात्र फारसा कुणी नोंदवीत नाही. बंद खोलीत वर्षानुवर्षे बूट चिकटवताना त्या गोंदातील विषारी वाफांनी त्यांच्या पायांच्या नसा निकामी होत गेल्या. ते लंगडू लागले. इतरांसाठी बनविलेल्या बुटांत त्यांना स्वतःला पळता येईना. २४ डिसेंबर १९९९ रोजी फॉसिल येथेच त्यांचे निधन झाले.