उजेडात उजेड मिसळला की अंधार? थॉमस यंगची गोष्ट

मी जुन्नर तालुक्यातला. नारायणगावहून खोडदला जाताना जीएमआरटीच्या मोठाल्या तबकड्या दिसायच्या. बारावीत व्यतिकरणाचं सूत्र पाठ करून गणितंही सोडवली, पण त्या तबकड्या याच सूत्रावर चालतात हे खूप उशिरा कळलं. याची सुरुवात ज्याने केली तो थॉमस यंग.

यंगचा जन्म १७७३ चा, इंग्लंडमधला. शिक्षणाने डॉक्टर. ध्वनीचा अभ्यास करताना त्याला वाटलं, दोन लाटा भेटल्यावर कुठे वाढतात, कुठे एकमेकींना मारतात. मग प्रकाशाचंही तसंच असेल का? पण त्या काळात न्यूटनचं मत चालायचं: प्रकाश म्हणजे कण.

१८०३ मध्ये यंगने आपला प्रयोग रॉयल सोसायटीपुढे मांडला. बारीक छिद्रातून आलेल्या उन्हात त्याने जेमतेम ०.८५ मिमी रुंदीची कार्डाची पट्टी धरली. तिच्या सावलीत उजेड-अंधाराचे पट्टे दिसले. एका बाजूचा उजेड अडवला, की सावलीतले पट्टे गायब! म्हणजे दोन्हीकडचा उजेड भेटला तरच पट्टे पडतात.

कौतुक सोडाच, हेन्री ब्रूमने नियतकालिकातून त्याची टर उडवली. यंगने उत्तरादाखल पुस्तिका छापली. तिची एकच प्रत खपली म्हणतात. पेशंट तुटतील या भीतीने तो बरंच लेखन नाव न घालता छापायचा. पुढे फ्रान्सच्या फ्रेनेलने लाटांचं पक्कं गणित मांडलं, तेव्हा लोकांना पटू लागलं. १८२९ मध्ये, ५५ व्या वर्षी यंग वारला.

आता गणित बघा. दोन फटींमधलं अंतर ०.५ मिमी, पडदा १ मीटरवर, तरंगलांबी ०.६ मायक्रोमीटर. तरंगलांबी गुणिले पडद्याचं अंतर, भागिले फटींमधलं अंतर. पट्टे १.२ मिमीवर पडतात. फटी जितक्या लांब, पट्टे तितके बारीक.

जुन्नर-आंबेगाव भागात पसरलेल्या जीएमआरटीच्या तबकड्या म्हणजे अशाच फटी समजा. एकूण ३०, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या, काही एकमेकींपासून २५ किलोमीटर लांब. २१ सेंमीच्या रेडिओलाटेला २५ किलोमीटरने भागा. येणारा कोन इतका लहान, की अडीच किलोमीटरवरचं रुपयाचं नाणं जेवढं दिसेल तेवढा.

तर पुढच्या वेळी हे सूत्र पाठ करताना त्या न खपलेल्या पुस्तिकेची आठवण ठेवा. टर उडाली, तरी पट्टे खरेच होते.